स्पंज तेवढा धुवायचा नाही

नांदेडहून किनवटला बदली झाली आणि घरात पहिला प्रश्न निघाला माशांचा. "देऊन टाका कुणाला तरी," हा सल्ला तर सगळ्यांनीच दिला. पण लेक ऐकेना, आणि खरं सांगायचं तर मलाही ते जिवावर आलं होतं.

आमची टाकी दोन फूट लांब, फूटभर रुंद, फूटभर उंच. दिसायला एवढीशी, पण भरली की पन्नासेक लिटर पाणी, म्हणजे पन्नासेक किलो वजन. वर काच आणि खडे वेगळेच. पाण्यासकट टाकी उचलली की सिलिकॉनच्या सांध्यांवर ताण येतो आणि काच दगा देते. म्हणून टाकी रिकामी करणं आलंच. आदल्या दिवसापासून माशांचं खाणं बंद केलं. लेकीला हा जुलूम वाटला, पण पोट भरलेले मासे बादलीभर पाण्यात घाण करणार, त्यातून अमोनिया वाढणार, आणि तो माशांचे कल्लेच जाळतो.

आवराआवरीत बायकोने फिल्टरचा काळपट, बुळबुळीत स्पंज नळाखाली धरायला घेतला. मी तो जवळजवळ हिसकावलाच.
"अहो, किती घाण झालाय!"
त्या घाणीतच तर सगळी गंमत. अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग बरंच कमी घातक नायट्रेट करणारे जीवाणू त्या स्पंजात राहतात. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन त्यांना मारतं, वाळले तरी मरतात. काच फुटली तर नवी आणता येते, हे विरजण मात्र लागायला महिना-दीड महिना जातो. स्पंज टाकीतल्याच पाण्यात बुडवून डब्यात ठेवला. निम्मं जुनं पाणीही कॅनमध्ये भरून घेतलं.

टेम्पोवाल्याने कॅन पाहिले आणि हसला. "सर, पाणी कामून नेऊ लागलात? पैनगंगेत कमी है का?"

भोकर, हिमायतनगर, इस्लापूर. माशांची बादली माझ्या पायांत, सेलवरचा पंप घुर्रघुर्र करत होता. चहाला थांबलो तेव्हा झाकण उघडून पाहिलं. मोली आणि गप्पी तळाशी दाटीवाटीने होते. गुरामी मात्र वर येऊन हवा घेत होता. ते त्याचं नेहमीचंच. हवेतूनही श्वास घेणारा मासा तो.

किनवटच्या घरी बोअरचं पाणी, तेही जड. पातेल्याला पांढरा थर धरतो. मोली-गप्पींना असलं पाणी मानवतं, काळजी गुरामीची. टाकीखाली थर्माकोल घातलं, जुनं पाणी ओतलं, स्पंज जागेवर बसवला. मग नळीला गाठ मारून बोअरचं पाणी थेंबथेंब सोडत बसलो. मध्येच लाइट गेली, पण सेलचा पंप चालूच होता. पुढचे काही दिवस खाणं चिमटीभरच.

घरमालक बराच वेळ टाकीपुढे उभे होते. मग म्हणाले, "हे बारके गप्पीच ना? आरोग्य खात्यावाले हौदात सोडतात ते? पिल्लं झाली की चार-सहा द्या सर, आमच्या हौदात डास लई झालेत."