आईच्या रजिस्टरमध्ये मी

गेल्या फेब्रुवारीत एका फीचर एडिटरचा फोन आला. ‘आठ मार्चसाठी एक पीस हवाय. रूरल वुमन, इन्स्पायरिंग वगैरे. आठशे शब्द आणि एक मस्त फोटो. तू नगरचीच ना? असेलच कुणीतरी तुझ्याकडे!’

असतंच. फ्रीलान्सरकडे सगळं असतं, फक्त महिनाअखेरीला पैसे नसतात. मी लगेच दोन नावं सुचवली. एक, अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या बीजमाता राहीबाई पोपेरे, ज्यांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. नाहीतर मग जामखेड. तिथे १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी आरोग्य प्रकल्प सुरू केला आणि गावातल्या साध्यासुध्या, कित्येकदा अक्षरओळखही नसलेल्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून उभं केलं. ‘दोन्ही करून झालंय गं,’ एडिटर म्हणाली. ‘कुणी फ्रेश?’

‘बघते’ म्हणून फोन ठेवला. समोरची कॉफी थंड झाली होती. आणि मग लक्षात आलं, आपण अख्ख्या जिल्ह्याचा नकाशा फिरून आलो, पण शेवगाव तेवढं गाळलं. शेवगाव तालुक्यात माझं घर आहे. तिथे माझी आई होती.

आई आशा होती. म्हणजे तिचं नाव आशा नव्हतं, काम आशाचं. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं, त्यातली ही गावपातळीवरची बाई. साधारण हजार लोकांमागे एक. आई २०१० मध्ये लागली, तेव्हा मी सहावीत होते. गावात तिचं खरं नाव हळूहळू पुसलंच गेलं. ‘आशाताई’ म्हटलं की आमचं घर.

सरकारी कागदावर तिचा हुद्दा ‘स्वयंसेविका’. हा शब्द मला मास कॉमला शिकताना फार गोड वाटायचा. नंतर कळलं, स्वयंसेविका म्हणजे पगार नाही! जेवढं काम, तेवढा मोबदला. बाळंतीण दवाखान्यातून घरी आली की तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जायचं. बाळाचं वजन, ताप, श्वास, अंगावर पितंय की नाही, सगळं बघायचं. या सहा भेटींचे मिळून २५० रुपये. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या बायकांच्या हातून नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेऊन दाखवली, १९९९ मध्ये त्याचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये आले आणि पुढे तीच पद्धत देशभरातल्या आशांकडे गेली. एवढी मोठी गोष्ट, आणि हिशेब केला तर एका भेटीचे एक्केचाळीस-बेचाळीस रुपये. आपल्या कॅपुचिनोत आईच्या चार-पाच भेटी सहज बसतात.

हे सगळं आता लिहितेय. तेव्हा मला तिचा रागच यायचा. खोटं कशाला बोलू?

मार्च २०१४. दहावीचा पहिला पेपर, मराठी. आदल्या रात्री साडेअकराला वस्तीवरून फोन आला आणि आई पिशवी घेऊन निघाली. मी म्हटलं, ‘आई, उद्या पेपर आहे माझा.’ ती म्हणाली, ‘पेपर तुला द्यायचाय, मला नाही.’ सकाळी वर्गातल्या सगळ्या पोरींच्या आया हातावर दही-साखर ठेवून, सेंटरच्या गेटपर्यंत सोडायला आल्या होत्या. मला आजीने सोडलं. मार्क चांगलेच पडले, पण मी ते दही-साखर विसरले नाही. पुढची दहा वर्षं, कधीही भांडण झालं की मी तो पत्ता टाकायचे. आई गप्प बसायची. तिच्याकडे त्यावर उत्तर नाही, असं मला वाटायचं.

शेवगाव-पाथर्डी पट्ट्यात दसरा झाला की गावं रिकामी व्हायला लागतात. ऊसतोडीच्या टोळ्या साखर कारखान्यांकडे निघतात आणि त्यात गरोदर बायकाही असतात. सरकारी रजिस्टरमध्ये अशी बाई ‘स्थलांतरित’ झाली की विषय संपला. आईचा मात्र तिथून सुरू व्हायचा. रजिस्टरच्या मागच्या पानावर तिने मुकादमांचे फोन नंबर लिहून ठेवले होते. आठवड्यातून एकदा कुणाला तरी फोन लावून दमात घ्यायची, ‘तिचं कार्ड संग दिलंय मी. जवळच्या दवाखान्यात नेऊन टोचून आण. नाही नेलं तर मी येईन तिथं!’ ती कुठे जाणार होती? तिला साधं पुण्यात यायला सवड नव्हती. पण मुकादम नेत असत म्हणे. या कामाचा एक रुपयाही कुठल्या यादीत नव्हता.

मग आला कोरोना. मे २०२०. पुण्यातल्या रूमवर डाळ-भात खाऊन कंटाळलेली मी पास काढून घरी पोचले, तर आईने मला घरातच घेतलं नाही! अंगणातून थेट झेडपीच्या शाळेत. चौदा दिवस. मुंबई-पुण्याहून आलेल्या आम्हा आठ जणांत एकटीची आई रोज गेटबाहेर उभी असायची, पण आमच्याशी बोलायला नाही, ताप मोजायला. नाव, वय, कुठून आली. स्वतःच्या पोरीला विचारते, ‘खोकला आहे का?’ मी वैतागून म्हटलं, ‘माहिती नाही का तुला?’ तर म्हणते कशी, ‘उत्तर दे. लिहायचंय.’ डबा मात्र आमच्या घरून आठही जणांचा यायचा.

मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या सगळ्या आशांचा ग्लोबल हेल्थ लीडर्स पुरस्कार देऊन गौरव केला. मी बातमी आईला फॉरवर्ड केली, सोबत तीन हार्ट. तिचा रिप्लाय, ‘मानधन वाढलं का?’ पुढच्या वर्षी ऑक्टोबरात राज्यभर आशांचा संप झाला, तेव्हा ती नगरच्या मोर्चात होती. फोटो पाठवला होता. उन्हात डोळे बारीक केलेले. महिना पाच हजारांच्या वाढीचा शासन निर्णय निघाला मार्च २०२४ मध्ये.

आई जानेवारीत गेली. संक्रांतीनंतरच्या आठवड्यात सकाळी ओट्यापाशी पडली, ब्रेन हॅमरेज. डॉक्टरांनी विचारलं, ‘बीपीची गोळी चालू होती का?’ आम्ही सगळे एकमेकांकडे बघत राहिलो.

तिसाव्या वर्षापुढच्या प्रत्येकाचा एक फॉर्म आशाने भरायचा असतो. तंबाखू, कमरेचा घेर, घरात कुणाला बीपी-शुगर. एका फॉर्मचे दहा रुपये. तिच्या कपाटात मी आमच्या घरचे फॉर्म शोधले. आजीचा होता. बाबांचा, काकांचा, काकूचा होता. तिचा नव्हता.

दहाव्याला खूप बायका आल्या. त्यातली एक जण नऊ-दहा वर्षांच्या पोराला घेऊन माझ्यापाशी बसली. ‘हा त्या रात्रीचा,’ ती म्हणाली. मला कळेना. ‘तुमचा दहावीचा पेपर होता ना? ताई रातभर घड्याळच बघत होती. लई अडलं होतं मह्यावालं. मी म्हणलं, ताई, तुम्ही जा. तर म्हणं, आता निघून उपयोग नाही, ती गेली असंल.’

मी त्या पोराला विचारलं, कितवीत आहेस? म्हणाला, चौथीत.

एडिटरला मी पीस दिला नाही. फोटो नव्हता. म्हणजे होता, मोर्चातला, पण त्यात डोळे दिसत नाहीत.

नव्या आशाताईंना रजिस्टरं दिली. मागचं पान आधी मोबाइलवर काढून घेतलं, आणि २०२०चं एक रजिस्टर ठेवून घेतलं. त्यात माझं नाव आहे, चौदा ओळींत चौदा वेळा, पुढे तिच्या अक्षरात ‘नाही, नाही, नाही’.

तिचं सिम मी अजून चालू ठेवलंय. दसऱ्यानंतर त्यावर फोन येतात. ‘आशाताई हाय का?’ मी सांगते, तिची मुलगी बोलतेय. मग नव्या ताईंचा नंबर देते, आणि बाळाचा डोस कितवा आहे ते लिहून घेते.