चाकांवरचं घर आणि दगडाचे साप

कॅरॅव्हॅन म्हणजे मोटारीमागं जोडलेलं चाकांवरचं घर. आत गॅसची शेगडी, पाण्याची टाकी, आणि दिवसा बसायची बाकं रात्री जोडली की झाला पलंग! मामाच्या अशा घरातून इंग्लंडमध्ये हिंडताना आम्ही एक दिवस व्हिटबीला काढला. उत्तर समुद्रावरचं हे जुनं बंदर. गल्ल्या इतक्या अरुंद, की घर गावाबाहेरच्या तळावर ठेवायचं आणि गावात पायीच फिरायचं.

एस्क नदीवरचा पूल १९०८ सालचा. जहाज आलं की तो दाराच्या दोन फळ्यांसारखा उघडतो आणि माणसं काठावर ताटकळतात. याच बंदरात १७४६ साली जेम्स कुक एका जहाजमालकाकडे उमेदवारीला आला. पुढे १७६८ मध्ये ज्या 'एन्डेव्हर'मधून तो जगप्रवासाला निघाला, ते मुळात इथंच बांधलेलं कोळशाचं जहाज! सपाट तळाचं, म्हणून सरळ किनाऱ्यावर टेकवता येई. १७७० मध्ये ऑस्ट्रेलियाजवळ प्रवाळावर आपटून ते फुटलं, तेव्हा असंच टेकवून दुरुस्त केलं.

मग १९९ पायऱ्या. (मामी दोनदा मोजताना चुकली.) वर चर्च आणि पडक्या मठाच्या उंच भिंती. भिंती नंतरच्या, पण पहिला मठ हिल्ड नावाच्या बाईंनी ६५७ साली स्थापला. दंतकथा अशी, की त्यांनी इथल्या सापांचे दगड केले. ते वेटोळे दगड खाली किनाऱ्यावर आजही सापडतात. पूर्वीचे दुकानदार त्यांवर सापाचं डोकंही कोरून विकत! खरं तर ते अमोनाइट, सुमारे अठरा कोटी वर्षांपूर्वीचे शंखवाले समुद्रजीव. गंडकी नदीतल्या शाळिग्रामातलं चक्रही अमोनाइटचंच असतं, ठाऊक होतं तुम्हांला?

पण हे दगड बाहेर येतात कसे? समुद्र आणि पाऊस मिळून ठिसूळ कडा खातात, म्हणून. आणि त्याच कड्यावर चर्च आहे! २०१२-१३ च्या हिवाळ्यात पावसानं दरड खचली, खालची काही घरं पाडावी लागली, वरच्या दफनभूमीतली जुनी हाडंसुद्धा घसरून आली.

म्हणून अमोनाइट शोधायचे ते ओहोटीची वेळ विचारून, कड्यापासून लांब, आणि सुटे पडलेलेच. तासभर वाकून वाकून मामीला एक मिळाला. आठ आण्याएवढा, अर्धा तुटलेला.