एक कुत्रा, नावं दोन

आमच्या जत भागात मेंढरांमागं, माळावरच्या वस्तीवर एक कुत्रा हमखास दिसायचा. लांब पाय, अरुंद तोंड, खोल छाती आणि पोट पाठीला लागलेलं. नवखा पाहुणा विचारायचा, "उपाशी ठेवता का ह्याला?" पण त्याची ठेवणच तशी. हा वास काढत बसत नाही, नजरेवर धावतो. आमचे आबा त्याला कारवान म्हणायचे. कानाशेपटीला मऊ केसांची झालर असली तर पश्मी. मुधोळ हे आमच्या लेखी गावाचं नाव, कुत्र्याचं नव्हे.

कारवान म्हणजे काफिला, तांडा. इराण, अरबस्तानाकडून व्यापारी आणि फौजा दख्खनेत आल्या, त्यांच्यासंगं हे कुत्रे आले असं मानतात. तिकडच्या सलुकी कुत्र्याचा फोटो बघितला की ते पटतं. वाटेवरच्या माणसांनी आणला, म्हणून वाटेचं नाव.

मुधोळ आज कर्नाटकात, बागलकोट जिल्ह्यात. पूर्वी तिथं घोरपड्यांचं मराठा संस्थान होतं. राजे मालोजीरावांनी ही जात जोपासली. त्यांनी एक जोडी इंग्लंडच्या पंचम जॉर्ज बादशहांना भेट दिली आणि तिथून 'मुधोळ हाउंड' हे नाव गाजलं, असं सांगतात. पुढं कागदावरही दोन नावं राहिली. केनेल क्लब ऑफ इंडियाच्या दप्तरी तो 'कॅरव्हान हाउंड', तर इंडियन नॅशनल केनेल क्लबच्या दप्तरी 'मुधोळ हाउंड'. 2005 साली टपाल तिकिटावर आला तो मुधोळ म्हणून. लष्करानं घेतला तोही मुधोळ म्हणूनच.

ह्यात कुणाचं काय बिघडलं? आमच्या शेजारच्या धनगरानं कारवानचं पिल्लू दोन पोती ज्वारीवर दिलं. घेणाऱ्यानं तेच शहरात मुधोळ म्हणून विकलं, चांगले हजारांत. पिल्लू तेच, आई तीच. किंमत नावाला आली आणि ते नाव धनगराच्या तोंडी नव्हतं.

राजानं जात राखली, त्याचं श्रेय त्याला आहेच. मुधोळजवळ तिम्मापूरला आता सरकारी संशोधन केंद्र आहे, तेही चांगलंच. पण मेंढरांमागं हिंडत, स्वतःच्या भाकरीतली अर्धी घालून ज्यांनी हे कुत्रं पिढ्यान्‌पिढ्या जगवलं, त्यांचं नाव कुठल्या दप्तरात नाही. म्हणून लसीच्या कार्डावर मी दोन्ही नावं लिहायला लावतो. आधी कारवान, मग मुधोळ.