अपूर्णविराम

मराठी वर्णमालेत ‘ळ’ हकारानंतर येतो. युनिकोडमध्ये मात्र तो ‘ल’ला चिकटून बसला आहे. विद्यार्थ्यांनी तीन वर्षे गावोगाव हिंडून जमवलेले बोलीतले शब्द अकारविल्हे लावायचे, तर यंत्राची ‘सॉर्ट’ ही आज्ञा उपयोगाची नव्हती. एका माजी विद्यार्थ्याने निराळा प्रोग्रॅम लिहून दिला. (त्याचेही नाव ‘सॉर्ट’च ठेवले, हा त्याचा भाबडेपणा.)

तो नुसत्या नावाने चालावा म्हणून मी लिनक्सच्या ‘पाथ’मध्ये त्याच्या फोल्डरचा पत्ता घातला. नंतर फायलींची यादी पाहण्यासाठी ‘एलएस’ लिहिले. उत्तर आले, ‘कमांड नॉट फाउंड’. ‘कॅट’लाही तेच. तीन वर्षांचे काम पुसले गेले, या कल्पनेने हात गार पडले.

फोनवर तो म्हणाला, “सर, एलएसचा पूर्ण पत्ता लिहून पाहा.” लिहिला, आणि सगळ्या फायली समोर! ‘पाथ’ म्हणजे आज्ञा कुठे कुठे शोधायच्या त्या जागांची यादी. 1979 च्या सातव्या आवृत्तीपासून युनिक्समध्ये रुळलेली. मी नवी जागा लिहिताना जुन्या साऱ्या गाळल्या होत्या. खिडकी बंद करून नवी उघडताच त्या परतल्या, कारण माझा बदल तेवढ्या खिडकीपुरताच होता. यावेळी आधी डॉलरचिन्हासह ‘पाथ’ हे नाव, मग कोलन, म्हणजे आपला अपूर्णविराम, आणि शेवटी नवा पत्ता असे लिहिले.

प्रोग्रॅम बिनतक्रार चालला. शब्द रांगेत आले. पण ‘कळ’ ‘कवडी’च्या आधी!

यंत्र यादी डावीकडून वाचते आणि त्या नावाची पहिली आज्ञा सापडताच थांबते. आपण मोल्सवर्थमध्ये शब्द सापडला तरी दाते-कर्व्यांचा शब्दकोश उघडतोच; यंत्राला ती सवय नाही. त्याला जुनी ‘सॉर्ट’ आधी भेटली. नवी जागा यादीत पुढे आणावी, तर ‘सॉर्ट’वर विसंबलेले इतर प्रोग्रॅम आमच्या प्रोग्रॅमच्या हाती जाणार. तेव्हा त्याचे नाव बदलून ‘बोलीक्रम’ केले.

पहिल्या चुकीने मला घाम फोडला, पण निदान ओरडून सांगितले. दुसरी गप्प होती. ‘ळ’कडे लक्ष गेले नसते, तर ती यादी तशीच छापखान्यात गेली असती.