वाडीतला पेट्रोलचा डबा

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आमच्या श्रीवर्धनवरून गेले. ईद होऊन नऊच दिवस झाले होते. सुपारीच्या बागा आडव्या झाल्या, कौले उडाली, विजेचे खांब रस्त्यावर पडले. कित्येक आठवडे वीज आली नाही. विहिरीत पाणी होते, पण पंप बंद. मग चार घरांनी मिळून जनरेटर आणला आणि त्याच्यामागोमाग पेट्रोल आले.

ते ठेवायचे कुठे, यावरून आमच्यात चांगलीच वादावादी झाली. पडवीत चूल पेटत होती. जिन्याखालची जागा तेवढी कोरडी होती. दादी म्हणाल्या, "घराच्या छपराखाली थेंबही नको." वाडीतल्या खोपीचे निम्मे पत्रे उडालेले, तरी तीच ठरली. अब्बांनाही ते पटले. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड. ती जमिनीलगत सरकत लांबच्या चुलीपर्यंत पोचते. रॉकेल त्या मानाने संथ. रॉकेलची सवय झालेला माणूस पेट्रोलशीही तसाच वागतो आणि तिथेच घात होतो. कंदिलात तर चुकूनही पेट्रोल मिसळू नये.

१९३४ च्या पेट्रोलियम कायद्याने विक्रीसाठी नसलेले पेट्रोल ३० लिटरपर्यंत परवान्याशिवाय बाळगता येते. भांडे घट्ट बुचाचे हवे. काचेचे किंवा चिनीमातीचे असेल तर एक लिटरचे, धातूचे असेल तर २५ लिटरपर्यंतचे. पाण्याच्या प्लास्टिक बाटलीचे त्यात नावही नाही, आणि मोहल्ल्यात जिकडेतिकडे त्याच बाटल्या! आम्हाला आगीइतकीच त्यांची धास्ती होती. तहानलेले मूल बाटली ओळखते, आत काय आहे ते ओळखत नाही. पेट्रोल किंवा रॉकेल पोटात गेलेच तर उलटी करवू नये, ते फुप्फुसात उतरते; तडक दवाखाना गाठावा.

जनरेटर अंगणातच चालायचा. त्याच्या धुरातल्या विषारी वायूला वास नसतो, बंद घरात माणूस झोपेतच जातो. टाकी भरायची ती यंत्र बंद करून, थंड झाल्यावर. मगरिबची अजान झाली की ते काम सकाळवर जायचे, कारण कंदिलाच्या उजेडात पेट्रोल ओतायला दादींची सक्त मनाई. झोपताना दिवे विझवा, उंदीर वात ओढून घर पेटवील, ही हदीसमधली ताकीद त्या रोज इशानंतर आठवून द्यायच्या.

वीज आली तेव्हा चार लिटर उरले होते. पुढच्या वादळाला ठेवू, असे धाकट्याचे म्हणणे. दादींनी दुसऱ्या सकाळी ते शेजाऱ्यांच्या मोटारसायकलींत ओतायला लावले. रिकामा डबा मात्र खोपीतच राहिला. त्यात वाफ उरते.