माळावरची टणटणी

गव्हात किडे झाले किंवा उंबऱ्याशी मुंग्या लागल्या, तर आपण बायका कुणाला विचारायला जात नाही. ऊन दाखवायचं, कडुनिंबाचा पाला घालायचा आणि पंधरा दिवसांनी पुन्हा बघायचं. हे ‘पुन्हा बघायचं’ आपल्या अंगवळणी पडलेलं असतं. पुरुषमंडळींना मात्र सगळं एकदाच आणि कायमचं करून टाकायचं असतं. आमच्या घरात सध्या ह्याच मुद्द्यावर वाद चालू आहे, आणि वादाचं कारण आहे टणटणी!

टणटणी म्हणजेच घाणेरी. लाल-पिवळ्या फुलांचे झुबके, चौकोनी काटेरी काड्या, काळी बारीक फळं, आणि पान चुरगळलं की उग्र वास. मूळची अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातली. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती कलकत्त्याच्या बागेत शोभेसाठी आली, पुढे लोकांनी कुंपणाला लावली, आणि ही बया देशभर पसरली.

आमची शेती चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. खाली काळ्या रानात केळी नि कापूस, आणि वरच्या अंगाला तीन एकर मुरमाड माळ. तिथे मामंजींनी साग नि कडुनिंब लावले. अंजन आणि पळस मूळचेच. उन्हाळ्यात अंजनाचा पाला आणि दिवाळीपर्यंतचं गवत ह्यावर आमच्या गाई निघायच्या. गेल्या काही वर्षांत झाडांखाली टणटणी अशी माजली, की गवताची काडी दिसेना. कडबा विकत घ्यायची वेळ आली. त्यात गेल्या वैशाखात शेजारच्या मळ्यातली गाय गेली. गुरं एरवी टणटणीला तोंड लावत नाहीत. पण भूक लागली की खातात. मग यकृत बिघडतं, कावीळ होते, उन्हात कातडी भाजल्यासारखी सोलते. त्या गाईचं तसंच झालं.

तेव्हापासून भाऊजींनी धरून ठेवलं आहे, “वहिनी, जेसीबी लावू. दोन दिवसांत माळ साफ. झाडं काढू आणि ठिबक टाकून केळी लावू.” त्यांचंही अगदी चुकीचं नाही. चारा नाही, उत्पन्न नाही, असा तुकडा कुणी का सांभाळावा? सागाला तोडायची परवानगी लागते, ते वेगळंच. सासूबाई एवढंच म्हणाल्या, “ह्यांच्या हातची झाडं आहेत.” पण आठवणीवर शेत चालत नाही, हे त्यांनाही कळतं. म्हणून मी ठरवलं, की भावनेचं राहू द्यावं, हिशोबाचं बोलावं. सकाळची शाळा झाली की दुपार माझीच असते.

पहिली गोष्ट, टणटणी कोयत्यानं कापून जात नाही. एका बुंध्याला चार फुटवे येतात. जाळली तरी खालून फुटते, आणि झाडं होरपळतात ती वेगळीच. जेसीबीनं ती निघेल, पण अंजनाची कोवळी रोपंही निघतील, आणि मोकळ्या झालेल्या मातीत पडलेलं बी पहिल्या पावसात हिरवंगार उगवेल. किडे सोडून ती मारावी, असाही प्रयत्न झालेला आहे. 1941 मध्ये ऑस्ट्रेलियाहून तिचा रस शोषणारा एक किडा डेहराडूनला आणला होता. तो सागाच्या फुलोऱ्यालाही लागतो असं दिसल्यावर ते किडे मारून टाकले; तरी काही निसटले नि देशभर गेले. टणटणी मात्र आहे तिथेच आहे!

मग राहतो तो हाताचा उपाय. पाऊस पडून जमीन मऊ झाली, की बुंध्याभोवती कुदळीनं उकरायचं आणि जमिनीखाली तीन-चार बोटांवर मूळ तोडायचं. फुटवे फुटतात ते ह्याच गाठीतून. उपटलेलं झुडूप मुळं वर करून उलटं टाकायचं, म्हणजे ती उन्हात वाळतात. हे फळ काळं व्हायच्या आत करायचं. आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाई एका वाक्यात सांगतात, “मूय ऱ्हायनं तं काम ऱ्हायनं.”

खरी चिकाटी लागते ती पुढे. बुलबुल नि साळुंक्या फळं खातात आणि ज्या झाडावर बसतात त्याखाली बी टाकतात. म्हणून मोठ्या झाडांखाली दोन-तीन वर्षं तरी रोपटी उपटावी लागतात. शिवाय जागा उघडी ठेवायची नाही. आम्ही मारवेल गवताचे ठोंब लावले.

पाखरांना बांध कळत नाही, तेव्हा शेजारणींना धरल्याशिवाय भागणार नव्हतं. संक्रांतीच्या हळदी-कुंकवाला मी हा विषय काढला. आधी हसल्या सगळ्या, पण गाय गेली होती त्या घरची सूनच म्हणाली, “आमच्या बाजूचा बांध मी करते.” आणखी दोघी तयार झाल्या.

माझं माहेर साक्रीकडचं. त्याच तालुक्यात बारीपाडा गाव आहे. तिथल्या लोकांनी 1990 नंतरच्या वर्षांत उजाड झालेलं जंगल राखून पुन्हा उभं केलं. त्यात पुढाकार घेणाऱ्या चैत्राम पवारांना 2025 मध्ये पद्मश्री जाहीर झाली. 2004 पासून तिथे रानभाज्यांच्या पाककृतींची स्पर्धा भरते. जंगल सरकारी असो की आपल्या सातबाऱ्यावरचं, नुसती झाडं उभी असून भागत नाही. त्यांच्या पायाशी काय उगवतं, त्यावर रान जिवंत की मेलेलं ते ठरतं.

भाऊजींनी पुढच्या पोळ्यापर्यंत मुदत दिली आहे. दोन बाया आणि मी मिळून ह्या पावसाळ्यात अर्धा एकर झाला. मजुरीचा आकडा वहीत लिहून ठेवला आहे. जेसीबीच्या भाड्यापेक्षा फार कमी नाही, हेही सांगते. पण श्रावणात त्या अर्ध्या एकरात टाकळा आणि कुर्डू आला, मारवेलनं मूळ धरलं, आणि अंजनाची सात रोपं मी मोजली. भाऊजी टाकळ्याची भाजी दुसऱ्यांदा वाढून घेत म्हणाले, “अजून अडीच एकर बाकी आहे, वहिनी.”

आहेच. पण मैत्रिणींनो, तुमच्या बांधावर एखादंच झुडूप दिसत असेल, तर ह्याच पावसात मुळासकट काढा. एका झुडपाला एक दुपार पुरते. तीन एकरांना किती वर्षं लागतात, ते मी कळवीनच.