डोंगराची सही

आमच्या घराच्या उत्तरेकडील भिंतीस एक तडा आहे. पाहुण्यांचें लक्ष तिकडे गेलें कीं आम्ही विषय बदलतों. वीस वर्षांपूर्वीं मुठेच्या कांठीं घर बांधतांना आराखडा आणि बांधकाम, दोन्ही आम्हीं एकाच कंत्राटदाराकडे ठराविक रकमेंत सोपविलीं. आधीं दोनचार खड्डे खणून जमीन पाहावी, असें तो म्हणाला होता; आम्हांस तो खर्च व्यर्थ वाटला. खालीं काळी माती निघाली. ती पावसाळ्यांत फुगते, उन्हाळ्यांत आकसते; भिंत तडकली. करारनाम्याचा आधार घेऊन दुरुस्तीचा भुर्दंड आम्हीं त्याच्यावरच लादला.

गेल्या आषाढांत मुंबईस जातांना बोरघाटांत आमची मोटार अडकली. बरोबर आमचा एक जुना विद्यार्थी होता. तो आतां रस्ते बांधणारा इंजिनियर आहे. कड्यांवरील पोलादी जाळ्या पाहून आम्हीं त्यांचें कारण विचारलें.

"सर, हा कातळ अखंड दिसतो, पण साडेसहा कोटि वर्षांपूर्वींच्या लाव्ह्याचे हे थरावर थर आहेत. मधूनमधून तांबड्या मातीचा पट्टा असतो. फटींतून पाणी शिरलें कीं तो मऊ होतो आणि वरचा खडक निराधार होतो."

हा द्रुतगति मार्ग २००२ सालीं पूर्ण झाला. १९ जुलै २०१५ रोजीं आडोशी बोगद्याजवळ दरड कोसळून प्रवासी प्राणांस मुकले. या डोंगराचा स्वभाव जुनाच आहे. पंचवीस बोगदे खोदून १८६३ सालीं येथून आगगाडी गेली, तत्पूर्वीं पहिल्या कंत्राटदारानें काम सोडलें. दुसरा, सॉलोमन ट्रेडवेल, येतांच वारला आणि त्याची पत्नी ॲलिस हिनें तें तडीस नेलें. तरीहि १८६७ सालीं घाटांतील एक दगडी पूल कोसळलाच.

"हल्लीं मोठ्या रस्त्यांचा आराखडा नि बांधकाम एकाच कंपनीला देतात," तो म्हणाला. "काम लौकर होतें. पण बोली लावण्यापूर्वीं जमिनींत भोकें घेतात तीं थोडीं; दोन भोकांमध्यें काय दडलें आहे तें कोणासच ठाऊक नसतें. सारी जोखीम कंपनीवर टाकली, तर ती दर वाढविते किंवा कोर्टांत जाते."

"मग ती कोणीं घ्यावी?"

"ज्याची जमीन, त्यानें तपासणीचा खर्च आधींच करावा, त्याउपर विपरीत निघालें, तर दोघांनीं वांटून घ्यावें."

आम्ही निरुत्तर झालों. घरीं येऊन जुना करारनामा काढला. त्यावर सह्या दोनच होत्या. जमिनीची सही कोठेंच नव्हती. त्या कंत्राटदाराचा पत्ता आम्ही सध्यां शोधीत आहों.